आधी पोटरी पाहा, मग सुई लावा



पुनर्वसन क्षेत्राच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. १९५५ साली मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. त्या पिढीच्या कामाचा फार मोठा भाग पोलिओने व्यापलेला होता. लुळ्या पडलेल्या पायांना कॅलिपर देऊन उभे करण्याचे काम त्या पिढीने निष्ठेने केले. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आज आपल्या दारात येणारे पाय वेगळे आहेत. ते लुळे नाहीत, ताठरलेले आहेत. काही मेंदूच्या झटक्यानंतरचे आहेत, काही जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आहेत. लुळ्या पायाची विद्या आपण पूर्वसूरींकडून घेतली. ताठर पायाची विद्या मात्र आपल्यालाच अधिक खोलात जाऊन कमवावी लागणार आहे.

अध्यक्षीय भाषणात संपूर्ण क्षेत्राचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. आज मी तो बाजूला ठेवते आणि शरीराच्या एकाच भागाबद्दल बोलते. तो भाग म्हणजे पोटरी. एका अंगाचा ताठर अर्धांगवायू असलेल्या माणसाची पोटरी सोनोग्राफीने तपासणे हा आपल्या नित्याच्या कामाचा भाग व्हावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

पोटरीच का? अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाचे चालणे पोटरीपाशी अडते म्हणून. टाच टेकत नाही, चवडा आधी पडतो, पाऊल आत वळते, गुडघा मागे ढकलला जातो. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. आपली माणसे उकिडवी बसतात. शौचाला, भांडी घासायला, शेतात खुरपायला, चुलीपाशी. उकिडवे बसायचे तर घोटा पुरेसा वर वाकायला हवा, आणि पोटरी आखडली की तो वाकत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत चालण्याचा वेग मोजलेला असतो. आपल्या रुग्णाच्या दृष्टीने उकिडवे बसता येणे हेही तितकेच मोठे माप आहे.

पोटरीत वरवर गॅस्ट्रॉक्नेमियस हा दोन भागांचा स्नायू असतो आणि त्याखाली सोलियस. दोघे मिळून अकिलीस कंडरेतून टाचेच्या हाडाला जोडले जातात. गॅस्ट्रॉक्नेमियस गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो, सोलियस फक्त घोटा. म्हणून गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून घोटा दोनदा तपासायची सिल्फवरस्कोल्ड यांची चाचणी आपण सगळेच शिकलो. गुडघा वाकवल्यावर घोटा सैल झाला, तर दोष गॅस्ट्रॉक्नेमियसकडे. दोन्ही वेळा अडला, तर सोलियसचाही हिस्सा आहे. हाताने केलेली ही तपासणी आजही मोलाची आहे, आणि सोनोग्राफी आली म्हणून ती सोडून द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही.

पण हाताला एक मर्यादा आहे. आपण घोटा वर ढकलतो तेव्हा हाताला जो विरोध लागतो, तो दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज असतो. पहिली गोष्ट मज्जासंस्थेकडून येते. ताणल्यावर स्नायू प्रतिक्षिप्तपणे आकुंचन पावतो, आणि ताण जितका वेगाने दिला तितका तो अधिक आकुंचन पावतो. १९८० साली लान्स यांनी स्पॅस्टिसिटीची जी व्याख्या दिली ती याच वेगावर अवलंबून असलेल्या विरोधाची आहे. दुसरी गोष्ट स्नायूच्या देहात असते. तंतू आखूड झालेले असतात, संयोजी ऊती वाढलेली असते, चरबी शिरलेली असते. ती स्नायूची रचनाच बदललेली असल्यामुळे मेंदूकडून एकही संदेश आला नाही तरी विरोध करते.

१९८१ साली डीट्झ, क्विंटर्न आणि बर्गर यांनी ताठर पायाने चालणाऱ्या रुग्णांच्या पोटरीतील विद्युत हालचाल मोजली. चालताना पोटरीत ताण निर्माण होत होता, पण त्या ताणाचा खुलासा होईल इतकी विद्युत हालचाल स्नायूत दिसत नव्हती. ताणाचा एक भाग स्नायूच्या बदललेल्या गुणधर्मांतून येत होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या गोष्टीला चार दशके उलटून गेली. तरीही आपल्या केसपेपरवर आजही एकच आकडा लिहिला जातो: ॲशवर्थ दोन, ॲशवर्थ तीन. १९६४ साली आलेली आणि १९८७ साली बोहॅनन व स्मिथ यांनी सुधारलेली ही मोजपट्टी विरोध किती आहे ते सांगते. तो विरोध कशाचा आहे, हे ती सांगू शकत नाही. टार्ड्यू पद्धतीत संथ आणि वेगवान अशा दोन ताणांनी हा भेद काहीसा उघड होतो, म्हणून ती अधिक उपयोगी. पण तीही बाहेरूनच अंदाज बांधते.

आता दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दोघांनाही झटका येऊन वर्ष झाले आहे, दोघांच्याही पोटरीचे ॲशवर्थ तीन आहे. एकाच्या पोटरीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पडद्यावर काळसर स्नायू दिसतो. त्यात तिरक्या, समांतर, रेखीव पांढऱ्या रेघा असतात आणि खालच्या हाडाची कड ठळक असते. दुसऱ्याच्या पोटरीवर प्रोब ठेवला की सगळा स्नायू पांढुरका, धूसर. रेघा मिसळून गेलेल्या, हाडाची कड पुसट. पहिल्याच्या विरोधात नसांचा वाटा मोठा असण्याची शक्यता अधिक. दुसऱ्याच्या स्नायूचा मोठा भाग कामाचा राहिलेलाच नाही. दोघांना एकच औषध, एकच मात्रा, एकच स्प्लिंट देणे हे शास्त्राला धरून नाही आणि रुग्णाला न्याय देणारेही नाही.

स्नायूच्या या पांढुरकेपणाला चार पायऱ्यांत बसवण्याची पद्धत १९८२ साली हेकमॅट, लीमन आणि डुबोविट्झ यांनी लहान मुलांच्या स्नायुरोगांसाठी मांडली. तीच पद्धत पुढे ताठर स्नायूंसाठी वापरात आली. इटलीतील वेरोना येथे पिचेल्ली आणि सहकाऱ्यांनी झटक्यानंतर ताठरलेल्या पोटऱ्या पाहिल्या आणि त्यांत स्नायू सैल करणारे बोट्युलिनम टॉक्सिन दिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांचा गॅस्ट्रॉक्नेमियस जास्त पांढरा होता त्यांना इंजेक्शनचा फायदा कमी झाला. म्हणजे सुई टोचण्याआधीच्या एका चित्राने अपेक्षा किती ठेवायची याचा अंदाज येऊ शकतो. हे औषध महाग आहे, त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. ते विकत घेण्यासाठी कुणाचे दागिने गहाण पडतात, कुणाची जनावरे विकली जातात. अशा माणसाला इंजेक्शन देण्याआधी स्नायू एकदा पाहून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

सुई कुठे जाते, हाही प्रश्न आहेच. २००५ साली चिन आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांमध्ये नुसत्या हाताच्या अंदाजाने लावलेली सुई ठरलेल्या स्नायूत पोचते का, हे तपासले. पोटरीच्या मोठ्या स्नायूंत ७८ टक्के वेळा ती बरोबर पोचली. पण पाऊल आत वळवणाऱ्या, खोलवरच्या टिबियालिस पोस्टीरियरमध्ये ती फक्त ११ टक्के वेळा पोचली. या स्नायूच्या शेजारूनच मोठ्या रक्तवाहिन्या आणि नस जातात. पडद्यावर त्या दिसतात, सुईचे टोक दिसते, औषध पसरताना दिसते. अनुभवी हाताबद्दल पूर्ण आदर राखून मी म्हणते, की ज्या खोल स्नायूत इतका अनुभवही पुरा पडत नाही, तिथे डोळ्यांची मदत नाकारण्याचे कारण नाही.

मुलांच्या बाबतीत सोनोग्राफीने आपल्याला आणखी एक मोठा धडा दिला आहे. आपण वर्षानुवर्षे पालकांना सांगत आलो, "पोटरी घट्ट आहे, ताणा." ताणायला हवेच. पण २००७ साली मलैया आणि सहकाऱ्यांनी एका अंगाची सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पोटऱ्या मोजल्या, तेव्हा बाधित बाजूचा स्नायू आकारमानानेही कमी आणि लांबीनेही कमी निघाला. २०११ साली बार्बर आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षे वयाची मुले पाहिली. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत गॅस्ट्रॉक्नेमियसच्या आतल्या भागाचे आकारमान इतर मुलांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होते. एवढ्या कोवळ्या वयात! याचा अर्थ असा, की स्नायू आधी नीट वाढला आणि मग आखडला, अशी ही गोष्ट नाही. तो सुरुवातीपासून कमी वाढतो आहे. ताठ स्नायू बलवान नसतो. तो लहान असतो, अशक्त असतो, आणि चालताना पुढे ढकलण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. म्हणून नुसते ताणणे आणि सैल करणे पुरेसे नाही, त्याला वाढवणे आणि बळकट करणेही आपल्या उपचारात हवे. इंजेक्शननंतर स्नायूचे आकारमान घटू शकते, ही चिंता अलीकडच्या वर्षांत गांभीर्याने मांडली गेली आहे. ज्या मुलाचा स्नायू मुळातच लहान आहे, त्याला पुन्हा पुन्हा इंजेक्शन देताना स्नायूचे माप वेळोवेळी घेणे अत्यावश्यक आहे. त्यासाठी एमआरआय लागत नाही, मुलाला गुंगी द्यावी लागत नाही, किरणांचा धोका नाही. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाची पोटरीही पाहता येते.

ब्रेस आणि प्लास्टर देणाऱ्या सहकाऱ्यांना मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पाऊल वर ढकलल्यावर टाच खाली आलेली दिसते, कोन सुधारलेला दिसतो, आणि आपण समाधान मानतो. पण बऱ्याच मुलांत वाकलेला असतो तो पायाचा मधला भाग. पोटरी होती तिथेच असते. स्नायू संपून कंडरा सुरू होते ती जागा पडद्यावर पाहत घोटा हलवला, की स्नायू खरोखर किती लांबतो आणि कंडरा किती लांबते, हे दिसते. टाच टेकली म्हणजे पोटरी लांबली, असे नाही. चुकीच्या जागी वाकवलेले पाऊल पुढे दुखते आणि सपाट होते, मग ब्रेस घातली तरी आत टाच उचललेलीच राहते.

मित्रहो, या तपासणीचे गुण सांगताना तिच्या मर्यादा सांगणे माझे काम आहे. स्नायूतील तंतुगुच्छांच्या लांबीबाबत संशोधकांचे एकमत नाही. लंडनच्या शॉर्टलँड आणि सहकाऱ्यांना २००२ साली ताठर डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पायांची बाधा) असलेल्या मुलांत तंतुगुच्छ आखूड आढळले नाहीत. मोहाघेघी आणि सहकाऱ्यांना एका अंगाच्या बाधेत ते आखूड आढळले. घोटा कोणत्या कोनात ठेवला, मुलाच्या उंचीशी माप कसे जोडले, यावर निकाल बदलतो. शिवाय तंतूच्या आत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म एकक असते, जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे. ते सोनोग्राफीत दिसत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी केलेल्या मोजमापांत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे सार्कोमिअर जास्त ताणलेले आढळले आहेत. म्हणजे बाहेरून सारख्या लांबीचे दिसणारे दोन तंतू आतून अगदी वेगळे असू शकतात. नव्या इलास्टोग्राफी यंत्रांनी स्नायूतून जाणाऱ्या आडव्या लहरींचा वेग मोजून कडकपणा आकड्यांत सांगता येतो, आणि बाधित पोटरीत तो जास्त असल्याचे दिसले आहे. पण ती यंत्रे मोजक्या ठिकाणी आहेत. आपल्या बहुसंख्य रुग्णांसाठी साधी सोनोग्राफी हेच हाती असलेले साधन आहे, आणि ती शिस्तीने केली तर पुष्कळ काही सांगते.

ती शिस्त कोणती, तेही सांगते. रुग्ण पालथा, गुडघा सरळ, पाऊल पलंगाच्या कडेबाहेर. घोट्याचा कोन गोनिओमीटरने मोजून लिहायचा. पोटरीच्या आतल्या बाजूला स्नायू सर्वांत जाड असतो ती जागा गुडघ्याच्या घडीपासून मोजून ठरवायची, म्हणजे पुढच्या वेळी तीच सापडेल. जेल भरपूर लावायचे आणि प्रोब दाबायचा नाही, कारण दाबला की स्नायू बारीक दिसतो. प्रोब तिरका झाला की निरोगी स्नायूही वेगळ्या छटेत दिसतो, म्हणून हाडाची कड ठळक येईपर्यंत तो सरळ करायचा. यंत्राचा गेन आणि खोली दर वेळी सारखीच ठेवायची. एका यंत्रावरच्या छटेची तुलना दुसऱ्या यंत्राशी करायची नाही. वयानुसार स्नायू पांढुरका होतो, हे ध्यानात ठेवायचे. दोन्ही पाय पाहायचे, पण चांगला पाय म्हणजे पूर्ण निरोगी पाय असे समजायचे नाही, कारण झटक्यानंतर माणसाचा वावर कमी होतो आणि त्या पायाचाही स्नायू झिजतो. उभे आणि आडवे अशी दोन्ही चित्रे जतन करायची. जाडी, तंतूंचा कोन, तंतुगुच्छाची लांबी आणि छटेची पायरी या चार नोंदी केसपेपरवर ॲशवर्थच्या शेजारी यायला हव्यात.

आता एका नाजूक, पण टाळता न येणाऱ्या विषयाकडे वळते. आपल्या राज्यात सोनोग्राफीचे यंत्र हे इतर यंत्रांसारखे नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला, २००३ साली तो अधिक कडक झाला. यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही, ते कोणी चालवायचे हे ठरलेले आहे, आणि सुटसुटीत यंत्र एका जागेहून दुसरीकडे नेण्यावर बंधने आहेत. या कायद्यामागे न जन्मलेल्या मुलींचा इतिहास आहे आणि अनेक कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. तो जराही सैल व्हावा असे आपल्यापैकी कुणी मनात आणू नये. मात्र त्यामुळे फिजिओथेरपिस्ट आणि पोटरीचे चित्र यांच्यात भिंत उभी राहते, हेही खरे आहे. ही भिंत कायद्याच्या चौकटीत राहूनच ओलांडायची आहे.

त्याचा मार्ग सहकार्याचा आहे. नोंदणी झालेले यंत्र आणि पात्र डॉक्टर आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. ठरलेल्या दिवशी क्ष-किरण विभागात पुनर्वसन तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि ब्रेस बनवणारा तंत्रज्ञ एकत्र बसले, हाताची तपासणी आणि पडद्यावरचे चित्र शेजारी ठेवले, तर नवा खर्च न करता हे काम सुरू होईल. क्ष-किरण विभागातील मित्रांना माझी विनंती आहे, की पोटरीचा अहवाल "रक्ताची गाठ नाही" एवढ्यावर संपवू नका. झटक्यानंतर सुजलेल्या पायात गाठ शोधायला हवीच, पण प्रोब तिथेच आहे, तर स्नायूबद्दलही दोन ओळी लिहा. त्या दोन ओळींवर कुणाचे तरी पुढचे वर्ष ठरणार असते.

आणि ते चित्र रुग्णाला दाखवा. आपल्या आजाराबद्दल त्याला बरेचदा इतकेच सांगितलेले असते, की "नस दबली आहे" किंवा "व्यायाम करा". दोन्ही पोटऱ्यांची चित्रे शेजारी दाखवून, हा भाग अजून चांगला आहे, तो टिकवायचा आहे, असे मराठीत सांगितले, की व्यायामाचा अर्थ त्याला कळतो. मुलाच्या आईला कळते, की तिच्या मेहनतीचे माप घेता येते.

या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी मी अध्यक्ष म्हणून सूचना मांडते. पहिला, पोटरीच्या सोनोग्राफीची एकच नोंदपद्धत मराठीत आणि इंग्रजीत तयार करून ती सर्व सदस्यांना द्यावी. दुसरा, पदव्युत्तर अभ्यासक्रमांत स्नायूंच्या सोनोग्राफीचे चित्र वाचायला शिकवले जावे, यासाठी विद्यापीठाकडे पाठपुरावा करावा. चित्र घेण्याचा अधिकार नसला, तरी ते वाचता यायला हवे. तिसरा, उथळ स्नायू पाहण्यासाठी बनवलेल्या प्रोबचा पुनर्वसन केंद्रांत नियंत्रित वापर कसा करता येईल, याचा विचार करण्याची विनंती शासनाला करावी. त्या चर्चेत मुलींच्या जन्मासाठी लढणाऱ्या संघटनांनाही पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे.

तरुण सहकाऱ्यांनो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सेरेब्रल पाल्सीला अस्थिव्यंगाच्या कक्षेत स्पष्ट स्थान दिले आहे. कायद्याने हक्क मिळाला, पण त्या हक्काचे चालण्यात, बसण्यात, कामाला जाण्यात रूपांतर करायचे काम आपले आहे. उद्या बाह्यरुग्ण विभागात पहिली ताठर पोटरी समोर येईल, तेव्हा इंजेक्शन, प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हा विरोध नसांचा किती आणि स्नायूचा किती? उत्तर माहीत नसेल, तर आधी पोटरी पाहा. या परिषदेतून आपण प्रत्येकाने एवढा एक निश्चय घेऊन घरी जावे, अशी कळकळीची विनंती करते आणि माझे भाषण संपवते.